जुन्या गोल्ड फिल्ड वस्तूंवरचे शिक्के वाचायचं काम : जळगाव, एप्रिल ते जून २०२५

१३ एप्रिल
भुसावळच्या मामींकडची पत्र्याची पेटी आज जळगावला आणली. मामांचे वडील रेल्वेत गार्ड होते, साहेब लोक जाताना बरंच काही स्वस्तात देऊन गेले त्यातलं काही, काही नंतर घेतलेलं. साखळीवालं खिशातलं घड्याळ, मनगटी घड्याळ त्याला ताणायचा पट्टा, पार्कर पेन, चष्म्याची फ्रेम, कफलिंक, लॉकेट, एक बारीक चेन, एक साधी अंगठी आणि कानातले टॉप्स. सोनं दहा ग्रॅमला लाखाच्या जवळ पोचल्यापासून घरात सगळ्यांना वाटतंय की हे मोडीत घालावं. दोन दुकानांत आधीच दाखवून झालंय, एक म्हणाला सगळं पितळ, दुसरा म्हणाला वजनावर अंदाजे देतो. दोघांनीही भिंग लावून शिक्का बघितला नाही. म्हणून आपणच बघायचं ठरवलं आणि इथे लिहून ठेवतोय, अशा पेट्या खान्देशात खूप घरांत असतील, भुसावळच्या रेल्वे कॉलनीवाल्यांकडे तर नक्कीच.

शिक्के सगळे इंग्रजी अक्षरांत आहेत, मी नागरीत लिहितोय. जीएफ म्हणजे गोल्ड फिल्ड, पितळेवर सोन्याचा पत्रा चढवलेलं, आरजीपी म्हणजे रोल्ड गोल्ड प्लेट, तसं समजून घ्या.

१५ एप्रिल
सामान जमवलं. दहा पट भिंग ३५० रुपये, ०.०१ ग्रॅमचा छोटा काटा ७५० रुपये, मऊ दाढीचा ब्रश घरातलाच.

मामींनी चेन आधीच चिंच आणि पितांबरी लावून घासली होती, चमकावी म्हणून. कड्यांच्या कडा त्यामुळे पिवळट गुलाबी पडल्यात, आतलं पितळ दिसायला लागलंय आणि शिक्का अर्धा गेलाय. पितळेच्या तांब्याला जे चालतं ते इथे अजिबात चालत नाही, वरचा सोन्याचा पापुद्रा केसापेक्षाही पातळ असतो. टूथपेस्ट, राख, लिंबू, बाजारातलं पॉलिश व्हील, सगळं बंद. रिठ्याचं कोमट पाणी, मऊ ब्रश, सुती कापड, एवढंच. आणि तेही शिक्का वाचून फोटो काढून झाल्यावरच, कारण अक्षरांत साचलेला काळा मळच अक्षर दाखवतो, तो धुतला की भिंगातूनसुद्धा नुसती चमक दिसते.

१६ एप्रिल
शिक्के कुठे शोधायचे यात बराच वेळ गेला. चेनला हुकाच्या शेवटी जी छोटी चपटी जीभ असते तिच्यावर. फ्रेमला नाकावरच्या पुलाच्या मागे, काड्यांच्या आतल्या बाजूला. पेनला टोपीच्या काठाजवळ. कफलिंकला दांड्यावर नाहीतर मागच्या पाठीवर. घड्याळाला झाकणाच्या आतून. सरळ वरून टॉर्च मारला तर काही दिसत नाही, टॉर्च जवळजवळ आडवा धरायचा म्हणजे अक्षरांची सावली पडते. चेनचा झिजलेला शिक्का टाल्कम पावडर बोटाने चोळून वरून हलकी पुसून घेतल्यावर दिसला, १/२० १२ के जीएफ.

याचा अर्थ असा. के म्हणजे कॅरट, १२ कॅरट म्हणजे निम्मं सोनं निम्मं दुसरं. १/२० हा वजनाचा भाग, म्हणजे वस्तूतल्या धातूच्या वजनाचा विसावा हिस्सा १२ कॅरटचा, बाकी पितळ. करताना पितळेच्या लगडीवर सोन्याचा पत्रा उष्णता आणि दाब देऊन घट्ट बसवतात आणि मग सगळं एकत्र लाटतात, तार ओढतात. म्हणूनच आपल्याकडच्या एक ग्रॅमवाल्या मुलाम्यापेक्षा हा थर खूप जाड आणि टिकाऊ. अमेरिकेत गोल्ड फिल्ड म्हणायचं तर थर कमीत कमी विसावा आणि कमीत कमी १० कॅरटचा लागतो. त्याहून पातळ असला की आरजीपी, उदाहरणार्थ १/४० १० के आरजीपी. जीईपी, एचजीई असं असलं की ते विजेवरचं प्लेटिंग, ते याहूनही पातळ.

१८ एप्रिल
खिशातलं घड्याळ. झाकण नखाने किंवा चाकूने उघडायला जाऊ नका, काठाला ओरखडा पडला की तिथला थर गेलाच. घड्याळवाल्याकडे नेलं, त्याच्याकडे त्यासाठीची बोथट सुरी असते, उघडून मशीन बाहेर काढून केस, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं धातूचं घर, वेगळी करून दिली, २०० रुपये.

आतून डेनिसन वॉच केस कंपनी, चंद्राचं चित्र आणि बारीक अक्षरात मजकूर, की सोन्याचे दोन पत्रे आणि मधे मिश्रधातू, २० वर्षं टिकेल अशी हमी. घड्याळवाला आणि शेजारचा दुकानदार दोघंही म्हणाले, बघा वीस कॅरट. ते वीस म्हणजे वर्षं. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमची ही कंपनी, तिच्या रोल्ड गोल्ड (तिकडे गोल्ड फिल्डला हेच म्हणतात) केसचे दर्जे असेच होते, स्टार १० वर्षं, मून २० वर्षं, सन २५ वर्षं. अमेरिकन केसांवरही हेच, कीस्टोन कंपनीच्या जे. बॉस केसा जुन्या घरांतून निघतात, बॉसचं पेटंट १८५९ चं, त्यांच्यावर १४ के आणि २५ वर्षं असं दोन्ही असतं, मग लोक १४ के वाचतात आणि वर्षं सोडून देतात. घड्याळाच्या केसवर टिकण्याची वर्षं लिहिलेली असली की ती केस भरीव सोन्याची नाही एवढं पक्कं धरा, भरीव सोन्याला कोणी झिजण्याची हमी देत नाही. अमेरिकेत वर्षांची ही हमी छापणं १९२४ मध्ये बंद झालं, त्यामुळे अमेरिकन केसवर वर्षं दिसली तर केस त्याच्या आधीची.

इथूनच मला कामाची दिशा मिळाली. शिक्क्यातला प्रत्येक आकडा कशाचा ते आधी ठरवायचं, भागाचा, कॅरटचा, वर्षांचा की मायक्रॉनचा. बाजारात सगळे आकडे कॅरट म्हणून वाचले जातात आणि सगळा घोळ तिथेच होतो.

२० एप्रिल
मनगटी घड्याळ स्विस आहे, फाव्र-ल्युबा कंपनीचं. पाठीवर फोन्द आसिये इनॉक्सिदाब्ल, म्हणजे पाठ स्टेनलेस स्टीलची. केसच्या कडेला, पट्टा अडकवायच्या पायांमध्ये, प्लाके ऑर २० मायक्रॉन, म्हणजे सोन्याचा मुलामा. हे पुन्हा वीस, पण हे जाडीचं, २० मायक्रॉन म्हणजे ०.०२ मिलिमीटर. काही घड्याळांवर नुसतं जी २० एम किंवा जी १० एम असतं, अर्थ तोच. वापराने पायांच्या टोकाला थर उडालाय, तिथे पांढरट धातू दिसतो, आणि हे दुरुस्त होत नाही, पुन्हा प्लेटिंग केलं तर रंग वेगळा येतो आणि कडा गोल होतात.

पट्टा वेगळा, अमेरिकन, १/२० १० के जीएफ टॉप आणि स्टेनलेस स्टील बॅक. टॉप हा शब्द महत्त्वाचा. विसावा हिस्सा हा फक्त वरच्या टोपणांचा, पूर्ण पट्ट्याचा नाही. आतल्या स्प्रिंगा, मागचे तुकडे सगळे स्टील. दुसऱ्या दुकानाने जो अंदाजे भाव दिला होता तो अख्ख्या पट्ट्याच्या वजनावर मोजलेला, त्यामुळे पुढे आटणीत काहीच निघालं नसतं आणि भांडण झालं असतं.

२३ एप्रिल
सराफ बाजारात एका ओळखीच्या कारागिराकडे बसलो. वयस्कर, अमळनेरकडचे, सगळे त्यांना दादाच म्हणतात. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, जवळ आल्यामुळे गर्दी खूप होती तरी त्यांनी दुपारी वेळ काढला.

आधी कसोटीवर चेनचा कस घेतला, ऍसिड लावलं, रेघ राहिली. बाकीचे म्हणाले सोनंच आहे. दादांनी मान हलवली, "हाई बठ्ठं सोनं नई शे भो, वरतून शे." म्हणजे हे सगळं सोनं नाही, फक्त वरून आहे. कसोटीवर हलक्या हाताने घासलं की वरचा थरच दगडावर उतरतो, त्यामुळे गोल्ड फिल्ड वस्तू पहिल्या कसाला पास होते. यावर उपाय म्हणजे कानशीने न दिसणाऱ्या जागी बारीक खाच पाडायची आणि त्या खाचेत तेजाबाचा थेंब. चेनच्या शेवटच्या कडीत खाच पाडली, थेंब टाकताच हिरवा फेस आला, म्हणजे आत तांबं-पितळ. आत चांदी असती तर दुधी-करडं झालं असतं, भरीव सोनं असतं तर काहीच झालं नसतं. हे काम घरी करू नका, पंखा-खिडकी-हातमोजे सगळं लागतं, आणि खाच कायमची राहते. कफलिंकला मी खाच पाडू दिली नाही, कारण क्रेमेंट्झ या अमेरिकन कंपनीचं नाव आणि १४ के गोल्ड ओव्हरले स्पष्ट वाचता येत होतं. ओव्हरले म्हणजेही वरचा थरच, १४ कॅरट आहे ते त्या थराचं.

२५ एप्रिल
एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी धातू ओळखणाऱ्या मशीनवर दोन वस्तू टाकल्या, वस्तूमागे १०० रुपये. पेनची टोपी ४९ टक्के सोनं, चेन ३३ टक्के. कागद बघून घरात आनंद झाला, मामी तर म्हणाल्या की बघ, निम्मं सोनं निघालं. मशीन खोटं बोलत नाही पण ते वरच्या काही मायक्रॉनचंच बघतं. टोपीवर शिक्का आहे १/१० १२ सीटी आर गोल्ड, सीटी म्हणजे कॅरट, आर म्हणजे रोल्ड, १२ कॅरट म्हणजे ५० टक्के, मशीनने तेवढंच दाखवलं, त्या थराचं. चेनचा थर झिजलाय म्हणून तिथे पितळ मिसळून कमी आलं. ज्या वस्तूवर थराची शंका आहे तिचा एक्सआरएफचा आकडा पूर्ण वजनाला कधीच लावायचा नाही. माझे हे २०० रुपये गेले तसे जाऊ नयेत म्हणून लिहितोय.

भाचीने हॉलमार्क तपासायच्या बीआयएस केअर ऍपमध्ये एचयूआयडी, म्हणजे दागिन्यावरचा हॉलमार्क क्रमांक, शोधायचा प्रयत्न केला. इथे तो उपयोगाचा नाही. आपल्याकडे सोन्याचं बीआयएस हॉलमार्किंग २००० मध्ये सुरू झालं, सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी २०२१ पासून, आणि ते पूर्ण सोन्याच्या दागिन्याला. पितळेवर थर दिलेल्या वस्तूला हॉलमार्क मिळत नाही. जीएफ, आरजीपी हे उत्पादकाने स्वतः मारलेले शिक्के, सरकारी तपासणीचे नाहीत. इंग्लंडमध्येही रोल्ड गोल्डला हॉलमार्क नसतो. आणि जुन्या भारतीय दागिन्यांवर केडीएम दिसलं तर तीही शुद्धता नव्हे, डाकात (सांधा जोडायच्या धातूत) कॅडमियम वापरल्याची खूण.

२७ एप्रिल
पाण्यातलं वजन. सगळ्यात स्वस्त आणि वस्तूला इजा न करणारी पद्धत हीच, पण पहिल्या वेळी आकडे पार विचित्र आले. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवायचा, शून्य करायचं, वस्तू बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून अधांतरी धरायची, काटा जो आकडा दाखवेल तो वस्तूने सारलेल्या पाण्याचा. हवेतलं वजन भागिले तो आकडा, की घनता आली. चेनची घनता कधी साडेसहा यायची कधी सात, पितळापेक्षाही कमी, असं होऊच शकत नाही. कारण बुडबुडे, कड्यांच्या मधे हवा अडकून राहते. पाणी उकळून गार केलं, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकला, चेन पाण्यात हलवून मग मोजली. हवेतलं १८.४० ग्रॅम, पाण्याचा आकडा २.१३, घनता ८.६४. पितळ साडेआठच्या आसपास, १४ कॅरट साधारण १३, २२ कॅरट साडेसतराच्या वर. म्हणजे ही चेन जवळजवळ पितळ, वर थोडं सोनं, शिक्क्याशी बरोब्बर जुळतं. वस्तू ग्लासच्या तळाला किंवा काठाला टेकली की आकडा चुकतो, हात टेबलावर टेकवून स्थिर धरायचा.

पोकळ लॉकेट, खड्याची अंगठी, मशीन आत असलेलं घड्याळ, यांना ही पद्धत नाही.

३ मे
आखाजी झाली, घरचे झोके-सांजोऱ्या आटोपून पुन्हा बसलो.

आजचा दिवस अंगठीचा. तिच्यावर १४ केपी आहे. सगळ्यांनी पी म्हणजे प्लेटेड म्हणून ती बाजूला टाकली होती, भाचीने कॉलेजच्या गॅदरिंगला घालायला मागितली होती आणि मामी द्यायलाही निघाल्या होत्या. जुन्या अमेरिकन वस्तूंवर कॅरटला चिकटून एकटा पी असला तर तो प्लंब, म्हणजे लिहिलेत तेवढे कॅरट पुरेपूर. प्लेटेड असतं तर जीपी किंवा जीईपी असं असतं. तरी शिक्क्यावर विसंबायचं नाही म्हणून पाण्यात घातली. ३.९२ ग्रॅम, पाण्याचा आकडा ०.३०, घनता १३ च्या थोडी वर. इतक्या छोट्या वस्तूला काट्याची ०.०१ ची चूकसुद्धा घनता जवळजवळ ०.५ ने हलवते, पण ती पितळेच्या जवळपाससुद्धा जात नाही. दादांनी आतल्या बाजूला खाच पाडून थेंब टाकला, काही झालं नाही.

भरीव १४ कॅरट. ३.९२ ग्रॅमचे ५८.५ टक्के म्हणजे शुद्ध सोनं सुमारे २.२९ ग्रॅम. आता चेन बघा, १८.४० चा विसावा हिस्सा ०.९२ ग्रॅम, त्याचं निम्मं ०.४६ ग्रॅम, तेही थर शाबूत असता तर. पेनच्या टोपीचा पत्रा सहा ग्रॅमच्या आसपास धरला तर दहावा हिस्सा ०.६, निम्मं ०.३. म्हणजे पेटीतली सगळ्यात हलकी, फुकट जायला निघालेली वस्तूच सगळ्यात जास्त सोन्याची. मामींना फोन केला, त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "बाबू, ती तुझ्याकडेच ठेव, मी येईपर्यंत कोणाला देऊ नको."

४ मे
टॉप्सवर शिक्काच नाही. दादांनी कस लावला, खाच पाडली, १४ च्या जवळ भरले. ते म्हणाले मोरारजी देसाई अर्थमंत्री होते त्या काळातले असतील. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले तेव्हा १४ कॅरटच्या वर नवा दागिना घडवायला बंदी होती, खूप सोनारांचा धंदा बसला, दादांच्या वडिलांनी काही वर्षं दुसरं काम केलं. हे ऐकताना मी भिंग खाली ठेवलं. ती बंदी पुढे १९६६ मध्ये उठली, कायदा मात्र १९९० पर्यंत राहिला. त्यामुळे घरात बिनशिक्क्याचं फिकट, कमी कसाचं जुनं सोनं निघालं तर फसवणूक झाली असंच समजू नका, त्या काळात तेवढ्याचीच परवानगी होती.

११ मे
लॉकेटवर ९ सीटी बी अँड एफ. ९ कॅरट, बॅक अँड फ्रंट, म्हणजे पुढचा-मागचा पत्रा ९ कॅरटचा, आत धातू. पूर्ण ९ कॅरटच्या इंग्लिश वस्तूवर ३७५ आणि हॉलमार्क असतो, तो नाही म्हणजे प्रश्नच मिटला. आत फोटो आहे, एक गोरी मुलगी, कोण माहीत नाही. मामी म्हणतात तो काढायचा नाही, नाहीच काढणार.

चष्म्याच्या फ्रेमला १/१० १२ के जीएफ. नाकाच्या गाद्यांखाली हिरवा मेण्यासारखा थर जमला होता, तांब्याचा गंज. लाकडी दातकोरणी रिठ्याच्या पाण्यात बुडवून हळूहळू काढला, पिन किंवा ब्लेड लावलं असतं तर सोनंही आलं असतं. खाली खड्डे नाहीत, फ्रेम घालण्यासारखी आहे, काचा बदलून घेणार.

१८ मे
चेनची एक कडी तुटलेली. बाजारात दुसऱ्या एका दुकानात डाक द्यायला दिली होती, सोन्याचा डाक आणि गॅसची ज्योत, कडी जोडली गेली पण आजूबाजूच्या दोन कड्यांचा रंग काळपट-तांबडा झाला आणि घासल्यावर पितळ वर आलं. तापवल्यावर पितळ आणि सोन्याचा थर एकमेकांत मुरतात, परत येत नाही. दादांनी त्या कड्या कापून टाकल्या, हुकाजवळची जास्तीची कडी काढली, दोन चिमट्यांनी आडवी फाकवून तिथे घालून थंडच बंद केली. ज्योत नाही, डाक नाही. गोल्ड फिल्ड चेनला हीच दुरुस्ती. कडी उघडताना गोल ओढायची नाही, बाजूला पिळायची, नाहीतर पुन्हा नीट मिटत नाही.

१ जून
भावांचं शेवटचं. चेनच्या सोन्याची पूर्ण किंमत धरली तरी साडेचार हजारांच्या आसपास, आणि एवढ्या थोड्या मालातून सोनं वेगळं काढून द्यायला बाजारात कोणी तयार नाही, तयार झाला तो म्हणाला मजुरी वजा जाता हातात काही येणार नाही. पेनला मात्र पुण्याच्या एका पेन जमवणाऱ्याने वस्तू म्हणून चांगला भाव सांगितला, निब १४ कॅरटची आणि शाबूत आहे, टोपीला चेप नाही. घड्याळ चालू करून घेतलं तर तेही तसंच. आटवलं असतं तर हे सगळं गेलं असतं आणि हातात चिमूटभर.

आज प्रत्येक वस्तूची चिठ्ठी केली, शिक्का जसा आहे तसा, आकडा कशाचा आहे ते, हवेतलं वजन, पाण्यातला आकडा असेल तर तो, आणि फोटो. वेगवेगळ्या झिपच्या पिशव्या, कारण एकत्र ठेवल्या की एकमेकींवर घासून थर जातो, रबर बँड तर अजिबात नाही, रबरातल्या गंधकाने काळं पडतं. पेन विकायचं नाही असं मामींनी कळवलंय. अंगठी त्या पुढच्या आठवड्यात येऊन नेणार आहेत. कफलिंकच्या एका बाजूचा दांडा ढिला आहे, तो अजून राहिलाय, ज्योतीशिवाय कसा बसवायचा ते दादांना विचारून इथेच लिहीन.